जॉब थांबवला, पण अजून थांबलेला आहे का? 'हॅव' टाळल्यामुळे चुकीची वाचली गेलेली एक नोट

पार्श्वभूमी

सॉफ्टवेअर सपोर्टमध्ये काम करणाऱ्या एका अनुभवी महिला अभियंत्याचं हे प्रकरण आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. त्यांची शाळा मराठी माध्यमाची, पुढचं शिक्षण इंग्रजीतून. तांत्रिक मजकूर त्या सहज वाचतात, फोनवर बोलतात आणि शिफ्ट संपताना पुढच्या शिफ्टसाठी रोज इंग्रजीत हँडओव्हर नोट लिहितात. ती नोट सहकारी वाचतात आणि दुसऱ्या टाइम झोनमधला क्लायंटही वाचतो. नोट लिहिणारी व्यक्ती घरी गेलेली असते आणि वाचणाऱ्याला त्या चार ओळींवरून निर्णय घ्यायचा असतो. शंका आली तर विचारायला समोर कोणी नसतं. इंग्रजी काळांची निवड अशा जागी केवळ शुद्धतेची बाब राहत नाही.

या प्रकरणाच्या आधी त्यांच्या ईमेलमधली दोन-तीन वाक्यं वरिष्ठांनी खुणा करून परत पाठवली होती. 'आय हॅव सेंट द रिपोर्ट ऑन मंडे.' 'वी हॅव डिस्कस्ड धिस येस्टरडे.' सोबतचा शेरा एका ओळीचा होता: टेन्स चुकलाय, 'येस्टरडे'बरोबर 'हॅव' येत नाही. शेरा बरोबरच होता. पण त्यावरून त्यांनी मनाशी जो नियम बांधला तो वेगळाच निघाला: 'हॅव' धोक्याचं, साधा भूतकाळ बिनधोक. 'हॅव' किंवा 'हॅज' लावून होणारा, शाळेत पूर्ण वर्तमानकाळ म्हणून शिकलेला प्रेझेंट परफेक्ट त्यांच्या लेखनातून हळूहळू गायबच झाला. सगळं सिंपल पास्टमध्ये, म्हणजे साध्या भूतकाळात, येऊ लागलं. खुणा पडायच्या थांबल्या आणि इंग्रजी सुधारलं असं सगळ्यांनीच धरून चाललं.

काय बिघडलं

रात्री डेटा कॉपी करणारा एक जॉब (संगणकावर आपोआप चालणारं काम) काही रेकॉर्ड दोनदा लिहीत होता. त्यांनी तो थांबवला, लॉग तपासले, कारण शोधलं, सेटिंग बदललं. नव्या सेटिंगची चाचणी व्हायची होती, म्हणून जॉब मुद्दाम बंदच ठेवला. नोट अशी लिहिली:

'वी स्टॉप्ड द जॉब ॲट ११:४०. वी चेक्ड द लॉग्ज अँड फाउंड डुप्लिकेट रेकॉर्ड्‌स. वी चेंज्ड द सेटिंग. वी इन्फॉर्म्ड द डेटाबेस टीम.'

पुढच्या शिफ्टने हे वाचलं आणि विषय मिटला असं समजून ती पुढच्या तिकिटाकडे, म्हणजे नोंदवलेल्या पुढच्या तक्रारीकडे, वळली. जॉब कोणी सुरू केला नाही, चाचणीही कोणी केली नाही. सकाळी क्लायंटकडे डेटा पोहोचला नाही.

बैठकीत दोन्ही बाजू आपापल्या जागी प्रामाणिक होत्या. 'जॉब परत सुरू केला असं मी कुठेच लिहिलेलं नाही,' हे अभियंत्याचं म्हणणं. 'थांबवला, कारण सापडलं, सेटिंग बदललं, कळवलं, हे वाचून काम उरकलंय असंच वाटतं,' हे वाचणाऱ्यांचं.

त्या नोटमध्ये व्याकरणाची एकही चूक नाही. प्रत्येक वाक्य स्वतंत्रपणे निर्दोष आहे, व्याकरण तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने एकाही शब्दाखाली रेघ ओढली नसती. उलट ज्या वाक्यांवर आधी शेरे पडले होते, त्या 'हॅव सेंट ऑन मंडे'मुळे कोणाचाही गैरसमज झाला नव्हता. रिपोर्ट गेलाय आणि सोमवारी गेलाय, हे वाचणाऱ्याला नीट कळलं होतं. डोळ्यांत खुपणारी चूक निरुपद्रवी आणि कुठेच न दिसणारी निवड नुकसान करणारी, असं हे उलटं गणित होतं. ते ध्यानात न घेता केलेली कुठलीही सुधारणा पुन्हा त्याच खड्ड्यात गेली असती.

निदान: वाक्यांचे चार ढीग

भाषा-प्रशिक्षकाने सर्वांत आधी त्यांच्या जुन्या आणि अलीकडच्या नोट्स व ईमेल मागवले. जुने आणि नवे दोन्ही मागवले हे महत्त्वाचं ठरलं. नुसते अलीकडचे पाहिले असते तर 'यांना हॅव वापरताच येत नाही' असा निष्कर्ष निघाला असता. जुन्यांत 'हॅव' भरपूर होतं, फक्त त्याच्यासोबत वार आणि तारखा होत्या.

वाक्यांचे चार ढीग पडले, आणि प्रत्येकाचं मूळ मराठीच्या एकेका सवयीत सापडलं.

पहिला ढीग 'हॅव' आणि संपलेल्या वेळेचा. मराठीत 'मी सोमवारी रिपोर्ट पाठवला आहे' हे अगदी सरळ वाक्य आहे. 'आहे'मुळे 'काम झालेलं आहे, निश्चिंत राहा' असा भरवसा मिळतो आणि 'सोमवारी' त्याच्या आड येत नाही. इंग्रजीत मात्र येतं. 'हॅव'वालं वाक्य आत्तापर्यंत येऊन पोहोचणाऱ्या काळाबद्दल बोलतं, त्यामुळे संपलेल्या वेळेचं नाव त्यात मावत नाही.

दुसरा ढीग 'सिन्स'चा. 'सर्व्हर सकाळपासून बंद आहे' यातलं 'आहे' तसंच उचललं की 'द सर्व्हर इज डाउन सिन्स मॉर्निंग' तयार होतं. हवं असतं 'हॅज बीन डाउन सिन्स धिस मॉर्निंग'. 'मी इथे तीन वर्षं काम करतेय'चं 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स थ्री इयर्स' होतं ते याच वाटेने. त्यात 'सिन्स'च्या जागी 'फॉर' हवं, ही आणखी एक दुरुस्ती.

तिसरा ढीग 'हॅड'चा. 'मी तुम्हाला काल मेल केला होता' हे आपण सहज म्हणतो. त्यात दुसऱ्या कुठल्या भूतकालीन घटनेच्या आधीचं असं काही नसतं. 'आय हॅड मेल्ड यू येस्टरडे' वाचणारा इंग्रजी वाचक मात्र 'कशाच्या आधी?' याची वाट पाहत राहतो. साधं 'आय मेल्ड यू येस्टरडे' पुरतं.

चौथा ढीग सगळ्यांत मोठा आणि तोच या प्रकरणाचा गाभा: परिणाम अजून चालू असताना वापरलेला सिंपल पास्ट. मराठीत साधा भूतकाळ आत्ताच्या स्थितीचंही काम करतो. बस समोर दिसली की आपण 'आली!' म्हणतो, आणि ती इथेच उभी आहे हे त्यातच येतं. म्हणून 'जॉब थांबवला' हे मराठी कानाला 'आणि तो थांबलेला आहे' असं ऐकू येतं. 'वी स्टॉप्ड द जॉब' हे वाक्य ११:४० ला काय केलं तेवढंच सांगतं. १२ वाजता जॉब कोणत्या स्थितीत होता, याबद्दल ते मूग गिळून असतं.

या फरकाची सगळ्यांत धारदार जोडी अशी. 'द सर्व्हर वॉज डाउन फॉर थ्री अवर्स' वाचून क्लायंट निश्चिंत होतो, कारण सर्व्हर परत चालू झालेला आहे. 'द सर्व्हर हॅज बीन डाउन फॉर थ्री अवर्स' वाचून तो फोन उचलतो. अवधी तोच, 'फॉर' तेच.

आधी एक गैरसमज काढावा लागला

'नुकतंच घडलं असेल तर हॅव, जुनं असेल तर सिंपल पास्ट' हा नियम त्यांच्या डोक्यात पक्का होता. तो अनेकांच्या डोक्यात असतो आणि तो चूक आहे. 'द फोन रँग टू सेकंड्‌स अगो' यात दोनच सेकंद झाले तरी सिंपल पास्ट लागतो. 'टी-रेक्स हॅज बीन एक्स्टिंक्ट फॉर अबाउट सिक्स्टी-सिक्स मिलियन इयर्स' यात साडेसहा कोटींहून जास्त वर्षं उलटली तरी 'हॅज' येतं. घटना किती जुनी, याने निवड ठरत नाही. वाक्य कोणत्या वेळेबद्दल बोलतंय, याने ती ठरते.

तर्कशास्त्रज्ञ हान्स रायकेनबाख यांनी १९४७ मध्ये यासाठी तीन बिंदूंची मांडणी केली: बोलण्याची वेळ, घटनेची वेळ आणि जिथे उभं राहून आपण घटनेकडे पाहतो ती वेळ. सिंपल पास्टमध्ये पाहणारा घटनेजवळ, म्हणजे 'तेव्हा' उभा असतो. प्रेझेंट परफेक्टमध्ये घटना मागेच असते, पण पाहणारा 'आत्ता' उभा असतो. त्या अभियंता असल्यामुळे ही मांडणी त्यांना कागदावरच्या एका टाइमलाइनमध्ये समजली. सगळ्यांना ती इतक्या लवकर पटेलच असं नाही.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय खुणेच्या शब्दांची यादी पाठ करण्याचा. 'येस्टरडे', 'अगो', 'लास्ट वीक', 'इन २०१९', आणि वेळ विचारणारं 'व्हेन' आलं की सिंपल पास्ट. 'सिन्स', 'सो फार', 'येट', 'ऑलरेडी', 'एव्हर', 'नेव्हर' आलं की बहुधा 'हॅव'. यादी उपयोगी आहे आणि पहिला ढीग ती जवळजवळ संपवते. पण ती बऱ्याच जागी निसरडी आहे. 'फॉर' दोन्हीकडे चालतं, हे सर्व्हरच्या जोडीत आलंच. 'धिस मॉर्निंग'ही दोन्हीकडे चालतं. सकाळ अजून चालू असेल तर 'हॅव' बसतं, दुपार झाली की सिंपल पास्ट. 'सिन्स'च्या पुढच्या छोट्या वाक्यात सिंपल पास्ट आणि मुख्य वाक्यात 'हॅव' येतं: 'सिन्स वी चेंज्ड द सेटिंग, वी हॅव सीन नो एरर्स.' आणि मुख्य अडचण म्हणजे, ज्या नोटने घोटाळा केला तिच्यात ११:४० सोडलं तर खुणेचा एकही शब्द नव्हता. ११:४० बरोबर सिंपल पास्ट योग्यच होता. यादी तिथे काय करणार?

दुसरा पर्याय व्याकरण तपासणाऱ्या सॉफ्टवेअरवर भिस्त ठेवण्याचा. 'हॅव' आणि 'येस्टरडे' एकत्र आले तर ते पकडतं. जॉब अजून बंद आहे की नाही हे त्याला ठाऊक नसतं, त्यामुळे चौथ्या ढिगाला ते हात लावू शकत नाही.

तिसरा पर्याय वरिष्ठांनी सुचवला: नोटचा साचाच बदला. 'करंट स्टेटस' ही ओळ सक्तीची करा, खाली वेळेनुसार घडलेल्या गोष्टी. हा उपाय त्याच दिवशी लागू होतो, सगळ्या टीमला लागू होतो आणि कोणाच्या इंग्रजीवर बोट ठेवावं लागत नाही. त्याचा तोटा अभियंत्यानेच दाखवला. ईमेलला आणि फोनला साचा नसतो.

चौथा पर्याय काळांचा संपूर्ण अभ्यासक्रम पुन्हा करण्याचा. शिफ्टचं काम सांभाळून तो पूर्ण झाला नसता, आणि बारा काळांपैकी बहुतेकांचा या अडचणीशी संबंधच नव्हता.

शेवटी तिसरा पर्याय तातडीचा म्हणून आणि त्याच्या जोडीला एका प्रश्नावर आधारलेला सराव, असं ठरलं. यादी पाकिटात ठेवायला दिली, पाया म्हणून दिली नाही. आमच्या मते क्रम योग्य होता. भाषा सुधारेपर्यंत क्लायंटचा डेटा थांबू शकत नव्हता.

काय केलं

नोटचा साचा तीन भागांचा झाला आणि प्रत्येक भागाला स्वतःचा काळ मिळाला. पहिल्या ओळीत स्थिती, साध्या वर्तमानकाळात. दुसऱ्या ओळीत ती स्थिती कशामुळे, प्रेझेंट परफेक्टमध्ये आणि घड्याळाची वेळ न घालता. त्याखाली वेळेसकट तपशील, सिंपल पास्टमध्ये. तीच नोट या साच्यात अशी होते:

'द जॉब इज स्टॉप्ड. डू नॉट स्टार्ट इट बिफोर द टेस्ट. वी हॅव फाउंड द कॉज अँड चेंज्ड द सेटिंग, बट वी हॅव नॉट टेस्टेड इट येट. ॲट ११:४० वी स्टॉप्ड द जॉब. ॲट १२:०५ वी चेंज्ड द सेटिंग. ॲट १२:१५ वी इन्फॉर्म्ड द डेटाबेस टीम.'

'हॅव' की सिंपल पास्ट यात अडकलेल्या माणसाला तिसराही मार्ग असतो, हे यातून कळलं. स्थितीच सांगायची असेल तर साधा वर्तमानकाळ सगळ्यांत स्पष्ट. 'द जॉब इज स्टॉप्ड' चुकीचं वाचायला जागाच उरत नाही.

ही मांडणी इंग्रजी बातम्यांत रोज दिसते. पहिलं वाक्य बरेचदा 'हॅव'ने बातमी देतं, आणि कधी, कुठे, कसं हे सुरू होताच लेखन सिंपल पास्टमध्ये उतरतं आणि तिथेच राहतं. त्यांना रोज एक छोटी इंग्रजी बातमी घेऊन पहिल्या पाच क्रियापदांखाली रेघ मारायला सांगितलं. पाच मिनिटांचं काम, पण 'हॅव'वरून सिंपल पास्टवर उडी नेमकी कुठे पडते हे डोळ्यांना सवयीचं होतं.

मुख्य सराव त्यांच्याच वाक्यांवर झाला. जुन्या नोट्समधली दहा वाक्यं घ्यायची, क्रियापद कोरं ठेवायचं, आणि उत्तर लिहिण्याआधी कागदाच्या समासात 'तेव्हा' किंवा 'आत्ता' एवढंच मराठीत लिहायचं. निवड आधी, रूप नंतर. हे दोन टप्पे वेगळे ठेवण्यामागे कारण होतं. पुष्कळ जण 'हॅव'नंतर कोणतं रूप येतं, 'वेंट' की 'गॉन', 'रोट' की 'रिटन', या धास्तीनेच सिंपल पास्टकडे पळतात आणि वरून ती निवडीची चूक वाटते. त्यांच्याकडे रूपं बहुतेक पक्की होती. 'बिगॅन–बिगन' आणि 'ब्रोक–ब्रोकन' एवढ्यांवर थोडं काम करावं लागलं.

'तेव्हा' की 'आत्ता' हे ठरवायला दोन कसोट्या दिल्या. वाक्याच्या शेवटी 'आणि अजूनही तसंच आहे' हे जोडून पाहायचं. वाचणाऱ्याला तेच कळायला हवं असेल तर सिंपल पास्ट एकटा पुरत नाही. दुसरी कसोटी: वाक्यात 'केव्हा?' याचं उत्तर आलंय का? आलं असेल तर 'हॅव' काढायचं. दोन्ही कसोट्यांना 'हो' आलं तर? ११:४० ला थांबवला आणि अजून थांबलेला आहे? तर वाक्य तोडायचं किंवा पुढे जोडायचं: 'वी स्टॉप्ड द जॉब ॲट ११:४० अँड हॅव नॉट रीस्टार्टेड इट.' एकाच क्रियापदाने दोन्ही कामं करायचा हट्ट धरला की वाक्य फसतं. त्यांच्या जुन्या 'हॅव सेंट ऑन मंडे'मध्ये तोच हट्ट होता.

प्रश्नांच्या जोड्याही झाल्या. 'हॅव यू रीस्टार्टेड द सर्व्हर?' यात आत्तापर्यंत कधीतरी, एवढंच विचारलंय. 'डिड यू रीस्टार्ट द सर्व्हर?' यात दोघांना ठाऊक असलेला एखादा प्रसंग गृहीत असतो, जसं की काल रात्री सांगितलं होतं तेव्हा. दुसरा प्रश्न आला की नुसतं 'येस' न म्हणता वेळ सांगावी, कारण विचारणाऱ्याच्या मनात वेळ असते.

मध्ये कुठे अडलं

पहिला अडथळा अपेक्षितच होता. लंबक दुसऱ्या टोकाला गेला. 'हॅव' पुन्हा जवळचं वाटू लागताच एका नोटमध्ये लागोपाठ पाच वाक्यं त्यातच आली. त्यातलं एक होतं: 'वी हॅव रीस्टार्टेड द सर्व्हर अँड टेकन अ बॅकअप.' व्याकरण बरोबर. पण बॅकअप आधी घेतला की नंतर? 'हॅव'ची वाक्यं घटना पुढे सरकवत नाहीत, ती झालेल्या कामांची यादी देतात. 'वी टुक अ बॅकअप अँड रीस्टार्टेड द सर्व्हर' म्हटलं की क्रम आपोआप कळतो. बॅकअपच्या बाबतीत क्रमच सगळं ठरवतो. म्हणून दुसरा नियम ठरला: क्रम महत्त्वाचा असेल तिथे सिंपल पास्ट, 'हॅव' फक्त वरच्या ओळीत.

दुसरा अडथळा टाइम झोनचा. 'धिस मॉर्निंग' लिहिताना सकाळ संपली आहे की नाही हे लिहिणाऱ्याच्या घड्याळावर ठरतं, आणि वाचणाऱ्याकडे तेव्हा भलतीच वेळ असते. यावर व्याकरणाची मात्रा चालत नाही. अशा लेखनातून 'धिस मॉर्निंग', 'टुडे', 'टुनाइट' काढून टाकले आणि टाइम झोनसकट घड्याळाची वेळ लिहायचं ठरलं. वेळ आली की सिंपल पास्टही आपोआप येतो.

तिसऱ्या अडथळ्याने त्यांचा विश्वासच डळमळला. क्लायंटच्या टीममधल्या अमेरिकी सहकाऱ्याने लिहिलं: 'डिड यू फिक्स इट येट? आय ऑलरेडी टोल्ड द मॅनेजर.' यादीप्रमाणे 'येट' आणि 'ऑलरेडी'बरोबर 'हॅव' हवं होतं. मग यादी खोटी की सहकारी चुकला? दोन्ही नाही. रोजच्या अमेरिकी इंग्रजीत 'जस्ट', 'ऑलरेडी', 'येट' यांच्याबरोबर सिंपल पास्ट सर्रास चालतो, ब्रिटिश वळणात 'हॅव'कडे कल जास्त असतो. 'हॅव'वालं रूप दोन्हीकडे बरोबरच धरलं जातं, म्हणून लिहिताना त्यांनी तेच ठेवलं. याचा अर्थ अमेरिकेत काहीही चालतं असा नाही. 'हॅव' आणि 'येस्टरडे' एका वाक्यात दोन्हीकडे खटकतं.

फोनवर आणखी एक गोष्ट लक्षात आली, जी कागदावर दिसत नाही. बोलताना 'वी हॅव स्टॉप्ड'चं 'वीव्ह स्टॉप्ड' होतं आणि त्यातला 'व्ह' पुढच्या 'स्ट'मध्ये बुडतो. 'स्टॉप', 'चेक', 'चेंज', 'रीस्टार्ट' ही सगळी नियमित क्रियापदं, त्यांची दोन्ही रूपं सारखीच. 'व्ह' ऐकू आला नाही की ऐकणाऱ्याला सिंपल पास्टच कळतो. 'वेंट–गॉन'सारख्या क्रियापदांत रूपावरून अंदाज तरी बांधता येतो. म्हणून फोनवर काळाच्या भरवशावर राहायचं नाही, 'इट्स स्टिल स्टॉप्ड' हे वेगळं वाक्य म्हणायचंच, असं ठरलं. हा या संपूर्ण प्रकरणातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत पक्का उपाय होता.

निष्पत्ती

नोट्स सुधारल्या, आणि त्यात साच्याचा वाटा सरावापेक्षा मोठा आहे हे मान्य करायला हवं. स्थितीची ओळ सक्तीची झाल्यावर तशा प्रकारचा गैरसमज पुन्हा झाला नाही. सरावाचं फळ ईमेलमध्ये दिसलं, कारण तिथे साचा नव्हता. 'वी हॅव फाउंड द कॉज' ने सुरुवात आणि पुढे वेळेसकट सिंपल पास्ट, ही वळणं त्या न अडखळता लिहू लागल्या. 'हॅव'बरोबर वार लिहिण्याची जुनी चूक परत आली नाही. पूर्वी ती 'हॅव' टाळून लपवलेली होती. आता 'हॅव' वापरूनही ती येत नव्हती.

तिकीट बंद करतानाची भाषाही बदलली. 'द इश्यू वॉज रिझॉल्व्ह्‌ड' लिहिलं की तो नंतर पुन्हा उद्भवला का, हा प्रश्न उघडा राहतो. त्या आता 'द इश्यू हॅज बीन रिझॉल्व्ह्‌ड' लिहितात आणि कधी सुटला हे पुढच्या वेगळ्या वाक्यात देतात.

दोन गोष्टी मात्र सुटल्या नाहीत. बोलताना 'इज डाउन सिन्स मॉर्निंग' अजून येतं, आणि 'आय हॅड टोल्ड यू'सुद्धा. लिहिताना समासातली 'तेव्हा–आत्ता' नोंद मनातल्या मनात करायला वेळ मिळतो, बोलताना मिळत नाही. 'सिन्स'ची चूक गैरसमज करत नसल्यामुळे ती मागे ठेवण्याचा निर्णय योग्य वाटतो. 'हॅड'बद्दल तसं म्हणता येत नाही. 'आय हॅड इन्फॉर्म्ड द टीम' ऐकून 'म्हणजे आता टीमला दुसरं काही कळवलंय का?' असा प्रश्न एकदा क्लायंटने विचारला होता. त्यावर आणखी काम हवं होतं, ते झालं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला निर्णयबिंदू घोटाळ्याच्या खूप आधीचा आहे: खुणा करून परत आलेला तो ईमेल. 'येस्टरडेबरोबर हॅव येत नाही' या शेऱ्यासोबत दोन्ही बरोबर वाक्यं लिहून दिली असती, 'आय हॅव सेंट द रिपोर्ट' आणि 'आय सेंट द रिपोर्ट ऑन मंडे', तर निवड वाराची आहे हे कळलं असतं: वार ठेवा किंवा 'हॅव' ठेवा. एकच बाजू दाखवल्यामुळे दुसरी बाजू निषिद्ध वाटली. दुरुस्ती करणाऱ्याला याने फार तर अर्धा मिनिट जास्त लागला असता.

दुसरा, चुका अचानक थांबल्या तेव्हा कोणी 'हॅव' आता किती वेळा येतंय हे मोजलं नाही. एखादी रचना चुकायची थांबली तर ती जमू लागली असेल किंवा टाळली जात असेल, आणि दोन्ही बाहेरून सारखंच दिसतं. एका आठवड्याच्या नोट्समध्ये 'हॅव' आणि 'हॅज' शोधलं असतं तर काही मिनिटांत उत्तर मिळालं असतं.

तिसरा, प्रशिक्षकाने सराव पहिल्या ढिगापासून सुरू केला, कारण तिथे चूक उघड होती आणि यश लवकर मिळतं. पहिली दोन सत्रं त्यातच गेली. चौथ्या ढिगापासून सुरुवात केली असती तर 'तेव्हा–आत्ता'चा प्रश्न लवकर रुजला असता आणि पहिला ढीग त्याच प्रश्नाने सुटला असता. सर्व्हरची ती जोडी पहिल्या दहा मिनिटांत फळ्यावर यायला हवी.

चौथी गोष्ट करून पाहण्याजोगी होती, पण राहून गेली. पुढच्या शिफ्टने नोट वाचल्यावर 'जॉब आत्ता कोणत्या स्थितीत आहे?' याचं उत्तर एका ओळीत, हवं तर मराठीत, परत लिहून पाठवायचं, लिहिणारी व्यक्ती निघण्यापूर्वी. त्या रात्री 'जॉब चालू आहे' असं उत्तर आलं असतं, आणि चूक क्लायंटपर्यंत न जाता तिथेच सापडली असती. शिफ्ट बदलताना दहा-पंधरा मिनिटांची सामाईक वेळ असेल तर यासाठी वेगळं काही उभारावं लागत नाही. नसेल, तर उत्तर निदान तिकिटावर नोंदवलं जावं, म्हणजे परतलेल्या लेखकाला आपलं वाक्य कसं वाचलं गेलं हे दिसेल.